कवायतही मूठभरांची, खेळही मूठभरांचा

महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याची घोषणा शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी जून २०२५मध्ये केली. माजी सैनिक, क्रीडाशिक्षक, एनसीसी आणि स्काउट-गाइड यांची मदत घ्यायची, असा बेत होता. त्यावर नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एक म्हणाला, मोबाइलमध्ये बुडालेल्या पोरांना शिस्त लागेल. दुसरा म्हणाला, हा हिटलरचा रस्ता आहे. आणि दोघांच्या मधे उभं राहून काही समजूतदार माणसं म्हणाली, कवायत कशाला, मुलांना मैदान द्या, चेंडू द्या. शिस्तही येईल, संघभावनाही येईल. पहिल्या दोघांशी वाद घालणारे पुष्कळ आहेत. या तिसऱ्यांशी कुणीच घालत नाही, कारण ते बरोबरच असणार असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. मला तसं वाटत नाही. ‘कवायत की खेळ’ हे भांडण अमेरिकेतल्या हायस्कुलांनी दोन महायुद्धांच्या मधे वीस-पंचवीस वर्षं भांडून पाहिलं आहे. शेवटी दोन्ही गोष्टी शाळेत आल्या आणि दोन्ही फोफावल्या. पण ज्याच्या नावाने दोन्ही पक्ष गळा काढत होते तो मुलगा, म्हणजे बारकुडा, किडक्या दातांचा, चार पावलं पळाला की धापा टाकणारा, दोन्हीकडून बाहेरच राहिला. शाळेतल्या कुठल्याही शारीरिक उपक्रमाला मी एकच कसोटी लावीन: वर्गातल्या सगळ्यांत अशक्त पोरापर्यंत तो पोचतो का? या कसोटीवर कवायत नापास होते, हे खेळवाल्यांना कळतं. खेळ कसा नापास होतो, हे बघायला मात्र ते तयार नसतात.

जून १९१६मध्ये अमेरिकन काँग्रेसने राष्ट्रीय संरक्षण कायदा केला आणि त्यातून आरओटीसी, म्हणजे राखीव अधिकारी प्रशिक्षण दल, उभं राहिलं. कॉलेजांसाठी वरिष्ठ विभाग, हायस्कुलांसाठी कनिष्ठ. कनिष्ठ विभागाची तुकडी मिळवायला शाळेत चौदा वर्षांवरचे किमान शंभर मुलगे हवेत, आणि तेही शारीरिकदृष्ट्या सक्षम, अशी अट कायद्यातच होती. अट लष्कराच्या दृष्टीने अगदी रास्त. पण ज्या योजनेचा डंका ‘देशाची तरुण पिढी धडधाकट करू’ असा वाजवला गेला, ती सुरुवातच धडधाकट मुलं निवडून करत होती, हे फारसं कुणी बोललं नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने १६ ते १९ वर्षांच्या मुलांना लष्करी शिक्षण सक्तीचं करणारा कायदा केला, जो युद्ध संपल्यावर टिकला नाही. शेजारच्या मॅसॅच्युसेट्सने मात्र याच प्रश्नावर आयोग नेमला आणि त्या आयोगाने हायस्कुलात कवायत नको, शारीरिक शिक्षण वाढवा, असा सल्ला दिला. हार्वर्डच्या व्यायामशाळेचे प्रमुख डडली सार्जंट हे कवायतीचे जुने विरोधक. त्यांना शांततेची वगैरे फार फिकीर होती असं नाही. त्यांचा आक्षेप वैद्याचा होता. वाढत्या शरीराला कवायतीने पुरेसा व्यायाम मिळत नाही, अंग ताठरतं, एकाच बाजूवर भार येतो, असं ते सांगत. ‘लष्करी शिक्षणाने तब्येत सुधारते’ हा दावा तेव्हाच, त्या विषयातल्या जाणकाराने खोडला होता. तरीही तो शंभर वर्षांनंतर आपल्याकडे जसाच्या तसा येतो.

पण यावरून खेळवाल्यांनी खूश होण्याचं कारण नाही. कवायत म्हणजे युद्ध आणि खेळ म्हणजे शांतता ही वाटणी त्या काळातच खोटी ठरली होती. वायोमिंग राज्यातल्या शायेन गावच्या हायस्कुलात १९११च्या सुमारास एडगर स्टीव्हर नावाचा एक लेफ्टनंट मुलांना लष्करी शिक्षण द्यायला लागला. त्याच्या लवकरच लक्षात आलं की नुसत्या ‘सावधान-विश्राम’ला पोरं कंटाळतात. मग त्याने तुकड्या पाडल्या, उंच भिंत चढून पलीकडे जाण्याच्या शर्यती लावल्या, शाळेतल्या मुलींना एकेका तुकडीचं पालकत्व दिलं आणि सगळ्याचा सामना करून टाकला. ही ‘वायोमिंग योजना’ पुढे बरीच गाजली. म्हणजे कवायतीला जगायला खेळाचा आधार घ्यावा लागला. उलट बाजूनेही तेच. युद्ध संपल्यावर १९१९मध्ये पॅरिसमध्ये मित्रराष्ट्रांच्या सैनिकांचे सामने अमेरिकन लष्कर आणि वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संस्था यांनी मिळून भरवले; त्यात बास्केटबॉल होता. १९२२मध्ये हौशी खेळांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, तो युद्धखातं आणि नौदलखातं यांच्या प्रोत्साहनाने. खुद्द बास्केटबॉलचा जनक जेम्स नायस्मिथ १९१६मध्ये कॅन्ससच्या पलटणीबरोबर धर्मगुरू म्हणून मेक्सिकोच्या सरहद्दीवर गेला आणि पुढे वायएमसीएतर्फे फ्रान्समध्ये सैनिकांमध्ये राबला. सैन्याला खेळाचं वावडं कधीच नव्हतं. मग खेळ हा लष्करी शिक्षणावरचा उतारा कसा?

लष्करी शिक्षणाच्या बाजूने बोलण्यासारखं काहीच नव्हतं, असं म्हणणं लबाडीचं होईल. पहिल्या महायुद्धाच्या भरतीत तपासलेल्या तरुणांपैकी जवळपास एक-तृतीयांश कमी-अधिक प्रमाणात अपात्र निघाले, आणि या आकड्याने देश हादरला. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत राज्यांमागून राज्यांनी शारीरिक शिक्षणाचे कायदे केले, ते या धक्क्यामुळे. कुठल्या शिक्षणतज्ज्ञाच्या लेखामुळे नव्हे. दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे. वॉशिंग्टन शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या एम स्ट्रीट हायस्कुलात, जे पुढे डनबार हायस्कूल झालं, कॅडेट दलाला मोठा मान होता. वार्षिक कवायत स्पर्धा हा त्या समाजाचा सण असे. ज्या देशात काळ्या माणसाला ताठ मानेने रस्त्यावरून चालणंही अवघड, तिथे गणवेशातली काळी मुलं तालात संचलन करत जातात, हे बघताना आई-बापांना काय वाटत असेल? याच शाळेचा कॅडेट बेंजामिन डेव्हिस १९४०मध्ये अमेरिकन सैन्यातला पहिला कृष्णवर्णीय जनरल झाला. ‘कवायत म्हणजे मेंढरं बनवणं’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी या मुलांकडे एकदा बघावं. तिसरा मुद्दा, अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली तेव्हा आरओटीसीतून तयार झालेले लाखाच्या आसपास राखीव अधिकारी तिच्याकडे होते, आणि ते नसते तर सैन्य इतक्या झपाट्याने उभं राहिलं नसतं.

हे तिन्ही मुद्दे खरे आहेत, पण त्यांच्यावर शाळेतली कवायत उभी राहत नाही. राखीव अधिकारी घडवले कॉलेजातल्या वरिष्ठ विभागाने, म्हणजे अठरा वर्षांवरच्या तरुणांना शिकवून. हायस्कुलातल्या कनिष्ठ विभागाचा त्यात हात नव्हता. डनबारच्या कॅडेटांना जो अभिमान मिळाला तो त्यांच्या समाजाने कमावलेला होता, सैन्याने दिलेला नव्हता. सैन्य त्यांना १९४८मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने सैन्यातला वर्णभेद मोडण्याचा आदेश काढेपर्यंत वेगळ्या पलटणींमध्येच ठेवत होतं. आणि भरतीतल्या अपात्र तरुणांचं म्हणाल, तर त्यांची दुखणी होती दातांची, डोळ्यांची, पायांची, छातीची. रायफल खांद्यावर घेऊन कुणाचा दात बरा झाल्याचं ऐकिवात नाही.

आता बास्केटबॉलकडे. या खेळाचा मला राग नाही, उलट त्याच्या जन्माची गोष्ट फार आवडते. डिसेंबर १८९१, स्प्रिंगफील्ड, बाहेर बर्फ. वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेतला एक कंटाळलेला वर्ग. नायस्मिथने गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि वर्गात अठरा जण होते म्हणून नऊ-नऊची बाजू केली. सगळा वर्ग खेळला पाहिजे, हा या खेळाचा मूळ हेतू. चाळीस वर्षांत त्याचं काय झालं? इंडियाना राज्यात १९११पासून हायस्कुलांची राज्य स्पर्धा सुरू झाली. गावोगाव अशी व्यायामगृहं उठली, की काही ठिकाणी गावाच्या लोकसंख्येपेक्षा बसायच्या जागा जास्त. १९२८मध्ये इंडियानापोलिसला बटलर फील्डहाउस उघडलं, सुमारे पंधरा हजार प्रेक्षक मावतील एवढं. त्याच वर्षी अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रलने मार्टिन्सव्हिलला १३-१२ असं हरवलं. हरलेल्या संघात जॉन वुडन नावाचा मुलगा होता, जो पुढे कॉलेज बास्केटबॉलचा सगळ्यांत नावाजलेला प्रशिक्षक झाला. विचार करा, मैदानात दहा मुलं, बाकावर थोडी आणि बघायला पंधरा हजार. तिकडे न्यू जर्सीतल्या पॅसेइक या कापड गिरण्यांच्या गावात हायस्कूलचा संघ १९१९ ते १९२५ या काळात सलग १५९ सामने जिंकला. प्रशिक्षक अर्नेस्ट ब्लड यांनी एक अस्वल पाळलं होतं, ते वर्तमानपत्रांना सामन्याइतकंच आवडे. गाव संघावर जीव टाकत होतं आणि शाळेचे व्यवस्थापक व प्रशिक्षक यांच्यात संघ कुणाचा यावरून खटके उडत होते. विजयांची मालिका चालू असतानाच ब्लड यांनी शाळा सोडली. शिकागो विद्यापीठात अमोस अलोन्झो स्टॅग यांनी १९१७पासून देशभरातल्या हायस्कूल संघांची स्पर्धा भरवली, ती राज्यांच्या शालेय संघटनांनी विरोध केल्यामुळे १९३०नंतर बंद पडली. पोरं शाळा बुडवून शेकडो मैल प्रवास करतात, हा त्यांचा आक्षेप होता. तो ओळखीचा वाटत नाही? आपल्याकडे दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, ते कुणाला मिळतात आणि शाळेच्या पीटीच्या तासाला उरलेली पोरं काय करतात, हे ज्याने शाळा बघितली आहे त्याला सांगायला नको. अर्धी मुलं मैदानाच्या कडेला दप्तरं सांभाळतात. आणि गणिताचा भाग मागे पडला असेल, तर तो तास गणिताच्या बाईंना जातो.

खेळ सगळ्यांना जोडतो म्हणतात, तेही तपासून घ्यावं. इंडियानापोलिसमध्ये १९२७ साली कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळं हायस्कूल काढलं, क्रिस्पस ॲटक्स. गोऱ्यांच्या शाळांमधून काळी मुलं काढून तिथे घातली. मग त्या शाळेने राज्य स्पर्धेत येऊ म्हटल्यावर राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने दार लावलं. कारण काय, तर ही शाळा सगळ्यांना खुली नाही, सबब ती सार्वजनिक नाही! अशा शाळांना आणि कॅथलिक शाळांना १९४२पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे वॉशिंग्टनच्या काळ्या मुलाला लष्करी गणवेश मिळत होता, पण इंडियानाच्या काळ्या मुलाला राज्य स्पर्धेचा चेंडू मिळत नव्हता. ‘कवायत माणसं तोडते, खेळ जोडतो’ हे वाक्य फेकणाऱ्यांनी या दोन शहरांचा हिशेब एकदा द्यावा.

माझ्या कसोटीवर आक्षेप घ्यायचा तर तो मुलींच्या बाजूने घेता येईल, आणि तो खरोखर अडचणीचा आहे. ‘प्रत्येकीपर्यंत खेळ पोचला पाहिजे’ हेच तत्त्व १९२३मध्ये वर उल्लेखलेल्या हौशी खेळांच्या महासंघाच्या महिला विभागाने मांडलं. लू हेन्री हूवर त्याच्या प्रमुख. मोजक्या मुलींचे चुरशीचे सामने नकोत, तिकिटं लावून गर्दी नको, सगळ्या मुलींनी खेळावं. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात काय झालं, तर ठिकठिकाणी मुलींचे सामने तेवढे बंद पडले. सगळ्या मुलींसाठी जे करायचं होतं त्याला पैसे आणि माणसं लागत होती, ती कुणी दिली नाहीत. आयोवामध्ये १९२५ साली राज्य संघटनेने मुलींची स्पर्धा चालवायचं नाकारलं, तेव्हा छोट्या गावांतल्या शाळाप्रमुखांनी वेगळी संघटना काढून ती चालू ठेवली. शेतकऱ्यांच्या मुली सहा-सहा जणींच्या बाजूने खेळत राहिल्या आणि सगळं राज्य ते बघत राहिलं. इथे मी आयोवावाल्यांच्या बाजूने आहे. सर्वांच्या नावाने थोड्यांचं काढून घ्यायचं आणि सर्वांना काहीच द्यायचं नाही, ही तत्त्वनिष्ठा फार स्वस्त असते. म्हणून सामने बंद करा असं मी म्हणत नाही. आधी सगळ्यांचा तास खरोखर भरवा, मग ढाल-चषकांचं बघू.

राहिला हिटलर. दोन युद्धांच्या मधल्या काळात अमेरिकेत लाखो मुलांनी शाळा-कॉलेजात कवायत केली आणि देश हुकूमशहाच्या ताब्यात गेला नाही. तेव्हा कवायतीतून फॅसिझम उगवतो, हा युक्तिवाद इतिहासाला धरून नाही. पण जपानकडे बघा. १९२५मध्ये युद्धमंत्री उगाकी यांनी काटकसरीसाठी सैन्याच्या चार डिव्हिजन मोडल्या आणि त्याच वर्षी सेवेतले लष्करी अधिकारी माध्यमिक शाळांपासून वर सगळीकडे नेमले. शिल्लक पडलेल्या अधिकाऱ्यांना काम मिळालं आणि सैन्याला शाळेत कायमचा पाय ठेवायला जागा मिळाली. तो अधिकारी सैन्याचा, त्याचा शेरा सैन्याचा, आणि मुख्याध्यापकाला त्याला घरी पाठवता येत नव्हतं. अमेरिकेत शाळेचं स्थानिक मंडळ तुकडी नको म्हणू शकत होतं आणि काही मंडळांनी तसं म्हटलंही. प्रश्न रायफल लाकडी की खरी, हा नव्हता. शाळेत आलेला माणूस कुणाला जबाबदार, हा होता. माजी सैनिकांना शाळेत आणायच्या योजनेबद्दल हाच प्रश्न विचारायला हवा होता. तो विचारला असता तर वादाला काही अर्थ आला असता. आपल्याकडे या विषयाला जुना वारसाही आहे. हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे १९३१मध्ये इटलीत मुसोलिनीला भेटले, तिथली ‘बालिल्ला’ ही मुलांची संघटना त्यांनी पाहिली, आणि १९३७मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभं राहिलं. भारतीयांना सैन्यात अधिकारी होण्याचं दार नुकतंच किलकिलं झालं होतं आणि त्यासाठी मुलं तयार करणं हाही त्यामागचा हेतू होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतली एकच सांगणारा माणूस वाद जिंकायला बसलेला असतो. पण त्या शाळेत मूल घालायचं की नाही, हे पालक ठरवत होते.

सक्तीचा प्रश्न यातूनच येतो, आणि युद्धविरोधकांनी या एका मुद्द्यावर उत्तम लढाई दिली हे मान्य केलं पाहिजे. १९२५मध्ये शिक्षणातल्या लष्करशाहीविरुद्ध एक समितीच स्थापन झाली आणि तत्त्वज्ञ जॉन ड्युईंसारखी माणसं तिच्या पाठीशी होती. त्याआधीच, १९२३मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठात लष्करी शिक्षण ऐच्छिक झालं होतं. १९३४मध्ये मिनेसोटात झालं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या काही मेथडिस्ट विद्यार्थ्यांनी धर्माला पटत नाही म्हणून कवायत नाकारली, त्यांना काढलं गेलं, आणि डिसेंबर १९३४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाची बाजू उचलून धरली. सक्तीचे समर्थक या निकालाने हरखले. पण निकालामागचं कारण काय होतं? विद्यापीठात या असं कुणी बळजबरीने सांगितलेलं नाही. आलात तर तिथले नियम पाळा. आता हे तर्कशास्त्र पहिलीच्या वर्गाला लावून बघा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं आपल्याकडे २००९च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याला ‘नको असेल तर येऊ नकोस’ असं कोण सांगणार? आणि सक्तीचा अनुभव आपल्यालाही आहे. चीनबरोबरच्या युद्धानंतर १९६३मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची केली आणि १९६८मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. पाच वर्षांत सरकारला जे कळलं, ते विसरायला आपल्याला साठ वर्षंही लागली नाहीत.

१९४० साली अमेरिकेत पुन्हा भरती सुरू झाली, वयोगट २१ ते ३५. म्हणजे नेमकी तीच पिढी, जी दोन युद्धांच्या मधल्या काळात शाळेत होती. जिच्या नावाने कवायत की खेळ हा वाद झडला. यांच्या परीक्षेत पुन्हा मोठ्या संख्येने तरुण नापास झाले, आणि सुरुवातीच्या तपासण्यांमध्ये नापास होण्याचं सगळ्यांत मोठं कारण होतं दात. अट फार कडक होती असंही नाही: समोरासमोर येणारे सहा पुढचे आणि सहा चावायचे असे बारा दात असले तरी पुरे. तेवढेही नव्हते. मधे महामंदी येऊन गेली होती हे खरं, सगळा दोष शाळांच्या माथी मारता येणार नाही. पण बटलर फील्डहाउससारखी व्यायामगृहं बांधणाऱ्या आणि कॅडेटांच्या गणवेशांवर खर्च करणाऱ्या देशाला दाताच्या डॉक्टरला वर्षातून एकदा शाळेत आणणं परवडत नव्हतं, असं म्हणता येईल का? अमेरिकेने यातून जो धडा घेतला तो १९४६च्या शालेय भोजन कायद्यात सापडतो. ‘राष्ट्रीय सुरक्षेचा उपाय म्हणून’ मुलांना शाळेत जेवण द्यायचं, असं त्या कायद्यातच लिहिलं आहे. दोन युद्धं झाल्यावर त्यांची राष्ट्रीय सुरक्षा ताटात उतरली.

महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०२५मध्ये शालेय पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा निधी थांबवला आणि अंडी द्यायचीच असतील तर शाळांनी लोकसहभागातून द्यावीत, असं सांगितलं. तेव्हा या विषयावर ना कुणी हिटलर आठवला, ना कुणाला देशभक्तीची काळजी वाटली. खेळाच्या बाजूने बोलणारेही त्या वेळी गप्प होते, आणि माझी त्यांच्यावरची तक्रार एवढ्यासाठीच आहे. अंडं न मिळालेल्या मुलाला पहिलीत ‘दाहिने मुड’ शिकवा नाहीतर बास्केटबॉलची रिंग दाखवा, त्याची उंची काही त्याने वाढणार नाही.